गेरूखालचा दगड

"सिद्राम पिऊन आला होता, तायाप्पा. त्याला मी काय करणार?" दौलतराव इंगवले म्हणाले आणि चपलेच्या टोकानं समोरचा काळा दगड ढोसला. "हा चालंल का वडलांच्या समाधीला?"

चालला असता. शंभर वर्षं चालला असता. अंगाला कुठं भोक नाही, रेघ नाही, हातोडीनं टिचकी मारली तर घंटेसारखा वाजणारा दगड होता तो. सकाळी मी तोच त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवला होता, कारण अप्पानं, माझ्या बापानं, सांगितलं होतं, "दुश्मनाचं काम असलं तरी दगड चांगलाच द्यायचा."

पण आम्ही उभे होतो गेरूमाळाच्या खाणीत, आणि सिद्राम, माझा थोरला भाऊ, चार महिन्यांपूर्वी जिथं मेला तो कातळ इंगवल्यांच्या पाठीमागं वीस पावलांवर होता. सुरुंगाचा पांढरा ओरखडा अजून त्याच्यावर होता. तिथं उभं राहून या माणसानं पुन्हा तेच म्हणावं, आणि वर समाधीचा दगड मागावा. माझ्या आत काहीतरी थंड होऊन बसलं. राग गरम असतो म्हणतात, माझा तसा नव्हता.

"हा नको, मालक," मी म्हणालो. "लई साधा हाय. तुमच्या वडलांना, तात्यासाहेबांना शोभंल असा दुसरा दाखवतो, चला."

झालं काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे मला कुणी उगीच कपटी म्हणायला नको. म्हणायचंच असेल तर नंतर म्हणा, कारण पुढं मी तसा वागलोच आहे. अठ्ठ्याहत्तर सालच्या कार्तिकातली गोष्ट. खाणीत पाच सुरुंग भरले होते, चार उडाले. एक राहिला की थांबायचं असतं, चांगला तासभर, हे दगडफोड्याच्या पोराला बोलायला येण्याआधी कळतं. इंगवल्यांचा ट्रक उभा होता. ते म्हणाले, "जा, बघून ये."

सिद्राम म्हणाला, "जरा दम धरू, मालक."

"भ्या वाटतंय? मग बांगड्या भर आणि चुलीपाशी बस."

माझ्या कानांनी ऐकलंय हे मी. सिद्राम गेला आणि पाचवा उडाला. पंचनाम्यात लिहिलं, मजूर दारूच्या नशेत आपणहून पुढं गेला. सिद्राम माळकरी होता. अकराव्या वर्षी त्यानं तुळशीची माळ घातली, तेव्हापासून त्यानं दारू सोडा, कांदा तोंडात घातला नव्हता. मी दगडांतून त्याच्या माळेचे मणी वेचले आणि मूठ उघडून फौजदारापुढं धरली. इंगवले शेजारीच उभे होते. म्हणाले, "माळ घालून ढोसणारे मी लई बघितलेत." फौजदारानं कागदाची घडी घातली.

गावानं ते मान्य केलं, गावाला काय जातंय. पण सिद्रामची बायको, माझी रंगव्वा वहिनी, तिचे भाऊ तेराव्याला आले आणि आमच्या घरचं पाणी न पिता उठून गेले. थोरला जाताना म्हणाला, "आम्ही माळकरी बघून बहीण दिली होती." वहिनी दारात उभी होती. त्या दिवसापासून तिचं बोलणं कमी झालं ते झालंच. खाण इंगवल्यांची, माळ त्यांचा, आमच्या झोपड्यांखालची जागाही त्यांची. आम्ही कुठं जाऊन भांडणार होतो?

तर मी त्यांना खाणीच्या दुसऱ्या अंगाला नेलं.

गेरूमाळाचं पोट तिथं उभं कापलेलं आहे. मधोमध हातभर जाडीचा तांबडा पट्टा, तोच गेरू. अप्पा आम्हा भावांना लहानपणी त्याच्यापुढं उभं करून शिकवायचा. म्हणायचा, धरतीनं कधीकाळी गूळ रटरटवला आणि माळावर ओतला. जड पाक तळाला बसला, फेस वर आला, आणि तसाच गार झाला. तळाचा झाला काळवथर. फेसाचा झाला भोकाभोकाचा दगड. मग हजारो वर्षं त्या फेसाच्या दगडानं ऊन-पाऊस खाल्ला आणि त्याची वरची साल माती होऊन गेली. मग धरतीनं दुसरी काहील ओतली. त्या आगीनं खालची माती विटेसारखी भाजून निघाली, तो हा गेरू. म्हणून गेरूच्या वरचा दगड म्हणजे नव्या पाकाचा तळ, तो घ्यायचा. गेरूखालचा म्हणजे जुन्या पाकाचा फेस, त्याला हात लावायचा नाही. पुढं एकदा कॉलेजचे एक सर पोरांना घेऊन खाणीत आले होते. त्यांनीही हेच सांगितलं, फक्त शब्द मोठे वापरले.

गेरूखालचा दगड फसवा असतो. त्याची भोकं पुढं पाझरत्या पाण्यानं भरून गेलेली असतात, कुठं पांढऱ्या गारगोटीनं, कुठं हिरव्या मऊ मातीनं. खोलातला ताजा काढला तर घट्ट लागतो, वाजतोही बरा. हिरवे ठिपके हवा लागली की आठवड्यात काळेभोर पडतात, दगड अजूनच देखणा दिसतो. मग त्याला पाऊस लागतो आणि ऊन लागतं. हिरवी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते. असे चार पावसाळे गेले की दगड आतून सुटतो आणि हाताला मुरूम येतो.

"अरे वा," इंगवले म्हणाले. "नक्षीच हाय की अंगावर. हिरवी बुंदी."

"लाखात एक निघतो असा."

"टिकंल किती?"

"तुमच्या नातवंडाच्या नातवंडाला पुरंल."

डोळ्याला डोळा देऊन बोललो. तू माझ्या भावाचं नाव मातीत घातलंस, मी तुझ्या बापाचं घालतो. मला घाई नव्हती.

सात फुटांची सपाट चीप पाचरी मारून काढली. घरी आणल्यावर तिचे दोन तुकडे केले, मोठा समाधीला, तीन फुटांचा उरला तो कुडाला टेकवून ठेवला. अप्पा काठी टेकत आला. त्याचा एक डोळा दगडाची कपरी उडून गेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता, उजेड-अंधार तेवढा कळायचा. त्यानं दगडावरून तळहात फिरवला, बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला.

"मऊ लागतोय रे."

"ताजा हाय, अप्पा. अंगातली ओल गेली न्हाई अजून."

ते खोटं नव्हतं, ताजा दगड थोडा मऊ असतोच. पण त्यानं पुढं विचारलं, "गेरूच्या वरचा का खालचा?"

खरं सांगितलं असतं तर त्यानं तिथल्या तिथं घणानं दगड फोडून टाकला असता. दुश्मनाला कुजका दगड देणं म्हणजे आपल्या हाताला कीड लावणं, असं तो मानायचा. मला त्याचं शहाणपण त्या दिवशी नको होतं.

"वरचा," मी म्हणालो.

"मग बेस," अप्पा म्हणाला आणि दगड थोपटला.

पादुका काढल्या, अक्षरं काढली. माझ्या हातून पुन्हा तशी अक्षरं उतरली नाहीत, हे लाज सोडून सांगतो. अक्षय्य तृतीयेला समाधी बसली. इंगवल्यांनी चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप घेऊन मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी कॅनॉलच्या पिचिंगच्या, काठाला दगड बसवायच्या कामावर सांगोल्याकडं निघून गेलो. माळावर मला राहवत नव्हतं.

परत आलो ते कार्तिकात, सिद्रामच्या वर्षश्राद्धाला. एसटीतून उतरलो आणि आधी इंगवल्यांच्या मळ्याकडं वळलो. एक पावसाळा झाला होता, म्हटलं बघू तरी सुरुवात झाली का. तर समाधीवर छत. चार खांब, वर सिमेंटचा स्लॅब, चारी बाजूंना दोन-दोन हात पुढं काढलेला, खाली फरशी. दगडावर पाण्याचा एक थेंब पडलेला नव्हता. ठिपके काळे पडून चकाकत होते, अक्षरं कालच काढल्यासारखी होती. मी तिथंच बांधावर बसून स्वतःवर हसलो. माणूस बापाच्या डोक्यावर छप्पर घालील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

हसून घेतलं आणि घरी आलो. घरापुढच्या ओढ्याकाठी माणसं जमली होती, दोर लावून एक दगड खड्ड्यात उतरवत होती.

आमच्यात मेलेल्याचा दगड बसवतात. उघड्या आभाळाखाली, वाटेच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. एकदा बसवून नैवेद्य दाखवला की तो हलवायचा नाही. सिद्रामचा दगड मी करीन, कॅनॉलवरून आलो की काळवथर आणीन, असं मी ठरवलं होतं. ते मनातच राहिलं, घरी कुणाला बोललो नव्हतो.

"आलास?" अप्पा माझ्या पावलांचा आवाज ओळखून म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळलेला दिसला. "बघ. मी केला. डोळ्याचं काम रंगूनं केलं, हाताचं मी. दगड तू काढलेलाच हाय, राहिलेला तुकडा. तुझी निवड म्हणून डोळे झाकून घेतला, नाहीतरी झाकलेलेच हाएत."

लोक हसले. मी दगडाकडं बघितलं. सिद्राम होता. नाक तेच, कपाळ तेच, कान जरा बाहेर आलेले. आणि गळ्यात माळ. पुढून दिसतील तेवढे मणी, एकेक सुटा, सत्तावीस.

"पंचनामा त्यांनी कागदावर केला," अप्पा म्हणाला. "मी दगडावर केलाय. कागद कवाच कुजून जाईल."

वहिनीचे भाऊ आले होते. अप्पानं मुद्दाम निरोप धाडला होता. थोरला पुढं झाला, वाकून त्यानं मण्यांना हात लावला आणि हात कपाळाला नेला. मग बहिणीकडं बघून म्हणाला, "पाणी आण, रंगव्वा." वहिनीनं तांब्या भरून आणला. तो घटाघटा पाणी प्याला.

मी बोलायला हवं होतं. दगड अजून दोरावर लटकत होता, माती पडली नव्हती, नैवेद्य व्हायचा होता. "थांबा, हा काढा," एवढे तीन शब्द. पण कारण विचारलं असतं. कारण सांगितलं की अप्पाला कळलं असतं मी खोटं बोललो, आणि दुपारपर्यंत इंगवल्यांनाही कळलं असतं, मग झोपड्या राहिल्या नसत्या. हे सगळं खरं असलं तरी खरं कारण निराळं. वहिनी रडत नव्हती, हसत होती. मी खाली वाकलो आणि सगळ्यांबरोबर खड्ड्यात माती लोटली.

पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. मी जवळजवळ देव मानायला लागलो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर काळ्या ठिपक्यांच्या जागी बारीक खड्डे दिसले. तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर मी बाजारातून पत्रा आणला, चार बांबू रोवले आणि दगडावर छप्पर घातलं. अप्पाला आवाजावरून कळलं. तो आला, काठीनं पत्रा ठोकून बघितला.

"हे काय?"

"पाऊस लागतोय त्याला."

"लागू दे की. सिद्राम काय दमेकरी हाय? काळवथराला छत्री कशाला लागते रं? लोक म्हणतील इंगवल्याची बरोबरी करायला निघाले."

"राहू दे ना, अप्पा. काय बिघडतंय?"

"काढ. आमच्यातला कुणी मेल्यावर छपराखाली बसत न्हाई."

"अप्पा—"

"काढ म्हणतो ना."

खरं काय ते तोंडाशी आलं होतं. मी पत्रा काढला.

त्या पावसाळ्यानंतर मणी गेले. नाक राहिलं, कपाळ राहिलं, मणी तेवढे गेले, कारण तेच सगळ्यात उंच आणि बारीक होते, पाणी त्यांच्या मागं साचायचं. वहिनी रोज सकाळी दगडाला पाणी घालायची आणि फडक्यानं पुसायची, म्हणजे त्यात अजून भर. एक दिवस ती फडकं घेऊन माझ्यापुढं आली. फडक्यात काळपट भुगा होता.

"भावजी, हे काय होतंय?"

"थंडीनं होतं कधीकधी," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं एकटक बघितलं, फडकं झटकलं नाही, घडी घालून आत नेलं.

गावाला हे कळायला किती वेळ लागतो? कुणीतरी पारावर म्हणालं की दारुड्याच्या गळ्यात दगडाचीसुद्धा माळ टिकली नाही, देवानंच निवाडा केला. ते तालुक्याला पोचलं, वहिनीच्या माहेरी पोचलं. त्या दिवाळीत तिचे भाऊ भाऊबीजेला आले नाहीत. ओवाळणीचं ताट तिनं संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं होतं.

इंगवले मला बाजारात भेटले. चार माणसांत उभे होते, मुद्दाम हाक मारली.

"तायाप्पा, वडलांचा दगड अजून आरशासारखा हाय बघ. कारागीर म्हणावं तर तुला. पण भावाचा उकलतोय म्हणे?" मग बरोबरच्यांकडं बघून म्हणाले, "दगडपण पिऊन आला असंल."

सगळे हसले. माझ्या पिशवीत छिन्नी होती, लोहाराकडून टोक पाजून आणलेली. मी तिच्यावर हात ठेवला होता. पण सांगणार काय? दोन्ही एकाच चिपेचे तुकडे आहेत, मी तुझ्या बापाचं नाव मातीत घालायला निघालो होतो? उलट त्यांना कळलं असतं तर छपराखालचा दगडही त्यांनी बदलून घेतला असता. मी मान खाली घालून निघालो, आणि पाठीमागं पुन्हा हसू ऐकलं.

राहिला अप्पा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे गुडघे गेले होते, ओढ्यापर्यंत त्याला कुणीतरी धरून न्यावं लागायचं, आणि मी वर्षभर काही ना काही निमित्त काढून ते टाळत होतो. चौथ्या वर्षी कार्तिकात, सिद्रामच्या तिथीला, तो हटून बसला. वहिनी नैवेद्याचं ताट घेऊन पुढं, मी त्याचा हात धरून मागं.

तो दगडापुढं बसला. आधी कपाळ चाचपलं, मग नाक. मग बोटं गळ्यावर आली आणि थांबली. पुन्हा डावीकडून उजवीकडं गेली, पुन्हा उजवीकडून डावीकडं. अंगठ्यानं जरा दाबलं आणि दगडाचा टवका निघून त्याच्या तळहातात आला. तो त्यानं दोन बोटांत चुरला. वास घेतला. जिभेवर ठेवला. दगडफोड्या माती अशीच ओळखतो.

"रंगू," तो म्हणाला, "जरा लांब उभी राहा, बाई."

वहिनी ओढ्याकडं सरकली, पण फार लांब गेली नाही.

"तायाप्पा, गेरूच्या वरचा का खालचा?"

"खालचा."

"तुला ठावं होतं?"

"होतं. इंगवल्यासाठी काढला होता. त्याच्या बापाचं नाव झडावं म्हणून. हा तुकडा तू घेशील असं मला वाटलं नव्हतं, अप्पा."

"मी विचारलं तेव्हा वरचा म्हणालास."

"तू फोडून टाकला असतास."

"टाकला असता," अप्पा म्हणाला. "त्याचा कसा हाय?"

"चांगला हाय. छप्पर घातलंय त्यानं."

अप्पानं मान हलवली. ओरडला असता, काठी मारली असती तर मी ती खाल्ली असती, आनंदानं खाल्ली असती. तो हळूच बोलला, एखादं माप सांगावं तसा.

"त्यानं खोटं लिहिलं. मी खरं लिहिलं होतं. ते तू पुसलंस."

मी त्याला उठवायला हात पुढं केला. त्यानं तळहात धोतराला पुसला, दगडाच्या खांद्यावर भार देऊन स्वतःच उठायला लागला, तर खांद्याचाही कोपरा सुटून खाली पडला. तो तसाच अर्धा वाकून उभा राहिला आणि त्यानं हाक मारली.

"रंगू, इकडं ये. मला घरी ने."

वहिनी आली. ती सगळं ऐकत होती. तिनं सासऱ्याचा हात खांद्यावर घेतला आणि माझ्याकडं न बघता पुढं झाली. नैवेद्याचं ताट तिनं दगडापुढं ठेवलं नव्हतं, ते ओढ्याच्या काठावर होतं. मी ते उचललं आणि दोघांच्या मागून, बरंच अंतर ठेवून, घरी आलो.